फोंड्यात बसून पॉइंट क्लाउडचं काम: कुठला वर्कस्टेशन लॅपटॉप घ्यावा आणि कसा सेट करावा?

कौलारू_घर
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून जुन्या वास्तूंचं डॉक्युमेंटेशन करतो, म्हणजे चांदर-लोटलीकडची राजांगणवाली (मधे उघडं अंगण असलेली) घरं, फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या अग्रशाळा, दीपस्तंभ वगैरे. लेझर स्कॅनर भाड्याने आणतो (त्यातून वास्तूचे असंख्य मोजलेले बिंदू मिळतात, तोच पॉइंट क्लाउड), छपराचे आणि कोरीवकामाचे ड्रोन-कॅमेऱ्याने फोटो काढतो, मग स्कॅन जुळवणं रीकॅपमधे, फोटोंचं मॉडेल मेटाशेपमधे आणि शेवटी ड्रॉइंगसाठी रेव्हिट. ऑफिसात डेस्कटॉप आहे, तो बरा चालतो. आता लॅपटॉप घ्यायचाय, बजेट जीएसटी धरून चार लाखांपर्यंत, थोडं वर गेलं तरी चालेल.
डीलरकडून तीन कोटेशन आलीत. पहिलं गेमिंग मशीन, १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड पण रॅम ३२. दुसरं जाडजूड वर्कस्टेशन, आरटीएक्स २००० एडा ८ जीबी (एनव्हिडियाचं प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड, एडा हे त्या पिढीचं नाव), रॅम ६४. तिसरं एकदम पातळ आणि देखणं, ओएलईडी स्क्रीन, रॅम ३२ आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली. तिन्ही ठिकाणी प्रोसेसर आय-९ किंवा अल्ट्रा ९ आहे म्हणून डीलर म्हणतो सगळी सारखीच. मला तसं वाटत नाही. तुम्ही लोक रोज असली कामं करता, नीट सांगा.

पर्वरी_कट
आधी एक विचारतो, डेस्कटॉप चांगला आहे तर त्यातच अजून पैसे घालून साईटसाठी साधा हलका लॅपटॉप का नको? तेवढ्याच पैशात डेस्कटॉप कार्ड लॅपटॉप कार्डापेक्षा खूप पुढे जातं. नाव तेच असलं तरी लॅपटॉपमधली चिप बहुतेक वेळा खालच्या डेस्कटॉप कार्डाची असते.

कौलारू_घर
बरोबर आहे, पण आमची अडचण घरांच्या कुलपाची आहे. निम्मी घरं वर्षभर बंद, मालक मुंबईला नाहीतर परदेशात, चवथीला नाहीतर फेस्ताला येतात, चार दिवस घर उघडतं आणि तेवढ्यात सगळं मोजून घ्यायचं. स्कॅन त्याच संध्याकाळी जुळवून बघितला नाही तर माळ्याचा एखादा कोपरा सुटलाय हे ऑफिसात गेल्यावर कळतं आणि तोवर घराला परत कुलूप. म्हणून ताकद साईटवरच हवी. रिमोटने डेस्कटॉपला जोडायचं म्हटलं तर शेकडो जीबीचा डेटा तिकडच्या नेटवर चढवणं शक्यच नाही.

झुवारी_काठ
कौलारू बाब, मग तुम्हाला लॅपटॉपच पाहिजे, पर्वरीवाल्यांनी विचारलं ते बरं झालं, कारण बरेच जण नुसत्या हौसेने घेतात.
मी वास्कोला बार्ज आणि छोट्या बोटींच्या डिझाईनमधे आहे, रायनो (थ्रीडी मॉडेलिंग) आणि एफईएम (ढाच्यावरच्या ताणाचं गणित) दोन्ही चालवतो. डीलर जे म्हणतो प्रोसेसर सारखा म्हणजे मशीन सारखं, ते अजिबात खरं नाही. आय-९ १३९५०एचएक्स घ्या, त्याची बेस पॉवर ५५ वॉट आहे आणि टर्बोला, म्हणजे पूर्ण जोरात, १५७ वॉटपर्यंत जातो. ते १५७ काही सेकंद सगळीच मशीन देतात. पुढे अर्धा तास सॉल्व्हर (ते गणित सोडवणारा प्रोग्राम) चालू राहिला की जाड मशीन मोठ्या पंख्यांच्या जोरावर बऱ्यापैकी वर टिकून राहतं आणि पातळ मशीन खाली खाली येत जातं, म्हणजे तुम्ही आय-९ चे पैसे देऊन आय-७ चं काम घेता. ग्राफिक्सचंही तेच. आरटीएक्स ४०७० लॅपटॉप एनव्हिडियाच्याच स्पेकमधे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत आहे, कुठल्या वॉटला लावायचं ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. तेव्हा कोटेशनमधे कार्डाच्या नावापुढे वॉट लिहून मागा, ज्याला टीजीपी म्हणतात. डीलरने सांगितलं नाही तर कंपनीच्या स्पेकशीटमधे असतं.
शोरूममधे बघायला मिळालं तर सिनेबेंचचा (प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी) दहा मिनिटांचा रन लावा आणि बाजूला एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे वॉट-तापमान दाखवणारं अॅप) उघडून शेवटच्या मिनिटाला किती वॉट आणि किती डिग्री दिसतात ते बघा. पहिल्या मिनिटाचा आकडा काही कामाचा नाही.

वेर्णा_डिझाईन
माझं मत, गेमिंग मशीन बाद करा. आम्ही वेर्ण्याला फार्मा मशिनरीचं सॉलिडवर्क्सचं काम करतो, तिथे सर्टिफाइड (सॉफ्टवेअर कंपनीने तपासून यादीत घातलेलं) कार्ड नसेल तर रिअलव्ह्यू, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं मॉडेल, चालूच होत नाही, आणि मोठ्या असेंब्लीत काही बिघडलं की सॉफ्टवेअरवाले पहिला प्रश्न विचारतात कार्ड यादीत आहे का. प्रोफेशनल कार्ड ते प्रोफेशनल कार्ड.

झुवारी_काठ
सॉलिडवर्क्सला तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण यांचं काम सॉलिडवर्क्सचं नाही ना. मेटाशेप गेमिंग कार्डावर कूडा (एनव्हिडिया कार्डावर गणित करायची सोय) वापरून तितकाच पळतो आणि रेव्हिटचं मॉडेलिंग तर बहुतांशी एकाच कोअरवर चालतं, त्याला कार्डाचं फारसं पडलेलं नसतं.
आणि चिप बघितली तर आरटीएक्स ५००० एडा लॅपटॉप आणि आरटीएक्स ४०९० लॅपटॉप दोन्हींत एडी१०३ हीच चिप, ९७२८ कूडा कोअर आणि १६ जीबी. ४००० एडा म्हणजे ४०८० लॅपटॉपचाच भाऊ, दोन्हींत ७४२४ कोअर आणि १२ जीबी. ३००० एडा आणि ४०७० तसंच, ८ जीबी. फरक आहे तो ड्रायव्हरचा, सर्टिफिकेशनचा आणि कार्डावरच्या मेमरीच्या ईसीसीचा, म्हणजे मेमरीतल्या चुका आपोआप सुधारण्याचा. ज्याला ते लागतं त्याने त्याचे पैसे द्यावेत.

सत्तरी_सर्व्हे
वाळपईहून लिहितोय, खाण आणि जमिनीचे ड्रोन सर्व्हे करतो, त्यामुळे मेटाशेपवर बोलू शकतो. त्यात दोन वेगवेगळ्या भुका आहेत. फोटो जुळवणं आणि डेप्थ मॅप (फोटोतला प्रत्येक बिंदू किती लांब ते काढणं) ही कामं ग्राफिक्स कार्ड करतं. नंतर ते सगळं एकत्र करून दाट क्लाउड आणि मेश (पृष्ठभागाची जाळी) बनवायची वेळ आली की रॅम लागते, फोटो जितके जास्त आणि क्वालिटी जितकी वरची तितकी जास्त. रॅम संपली की विंडोज डिस्कवर पेज फाइल वापरायला लागतं आणि तासाभराचं काम रात्रभर रेंगाळतं, कधी मधेच बंद पडतं. म्हणून ३२ जीबी रॅम असलेली दोन्ही मशीन तुमच्या कामाला अपुरी आहेत, मग कार्ड कितीही भारी असो. सोल्डरवालं तर आजच बाद, कारण ते उद्या वाढवताच येणार नाही.
६४ ही सुरुवात धरा. माझ्या मते ९६ ठीक.

आयटीवाली_मडगाव
सत्तरीदादांचं बरोबर आहे, फक्त रॅम कशी भरायची त्यात एक मेख आहे ती सांगते. जाड वर्कस्टेशनमधे, म्हणजे थिंकपॅड पी१६ जेन २ किंवा एचपी झेडबुक फ्युरी १६ जी१० ह्या वर्गात, चार सोडिम (लॅपटॉपच्या रॅमची काढता येणारी पट्टी) स्लॉट असतात. लोक म्हणतात १६ च्या चार पट्ट्या लावूया, स्वस्त पडतील. पण डीडीआर५ मधे चारही स्लॉट भरले की मेमरीचा स्पीड बराच खाली येतो, दोनच पट्ट्या असल्या तर ५६०० ला चालू शकते. म्हणून ४८ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे ९६, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पुढे खरंच १२८ च्या वर जायची वेळ आली तर उरलेले दोन स्लॉट आहेतच, तेव्हा स्पीड थोडा सोडायचा.
कंपनीकडून कॉन्फिगर करताना रॅमचे भाव बाजारापेक्षा खूप चढे असतात. कंपनीकडून कमीत कमी रॅम घ्या आणि चांगल्या ब्रँडच्या पट्ट्या बाहेरून घेऊन लावा. पण आधी तुमच्या मॉडेलमधे सोडिमच आहे ना हे बघा. डेलने २०२२ मधे प्रिसिजन ७६७० बरोबर कॅम नावाचं चपटं मॉड्यूल आणलं, पुढे डिसेंबर २०२३ ला जेडेकने (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) त्यावरून कॅम२ चं स्टँडर्ड काढलं, आणि थिंकपॅड पी१ जेन ७ मधे एलपीकॅम२ आहे. ही मॉड्यूलं बदलता येतात, चांगली आहेत, पण पणजीत १८ जून रोडवर दुकानात जाऊन मागितली तर मिळतीलच असं नाही. गोव्यात बसून ज्याचे पार्ट सहज मिळतात ते घ्यावं हा माझा नियम.

कौलारू_घर
हे फारच उपयोगी आहे, मनापासून धन्यवाद. ईसीसी रॅमचं काय? डीलर म्हणतो खरं वर्कस्टेशन म्हणजे ईसीसी.

आयटीवाली_मडगाव
ईसीसीला प्रोसेसर, चिपसेट आणि पट्ट्या तिन्ही तशा लागतात, गेमिंग मशीनमधे मिळत नाही. झुवारीकाठांसारखं दिवसभर सॉल्व्हर चालवणाऱ्याला किंवा संशोधनाच्या कामाला अर्थ आहे. तुमच्या बजेटात मात्र तेच पैसे जास्त रॅममधे आणि कार्डाच्या मेमरीत घाला. सगळं परवडत असेल तर जरूर घ्या.

पर्वरी_कट
कार्डाच्या मेमरीवर दोन शब्द. मी एडिटिंग आणि कलरचं काम करतो, नोव्हेंबरात इफ्फीच्या (पणजीतला चित्रपट महोत्सव) आधी तर झोप नसते. डाव्हिंची रिझॉल्व्हमधे नॉइज रिडक्शन दोन-तीन लेयर लावलं की ८ जीबीच्या कार्डावर मेमरी फुल असा मेसेज येऊन काम थांबतं. तिथे कार्ड किती वेगवान ह्याला काही अर्थ उरत नाही, कारण ते काम सुरूच होत नाही. क्लायंटला एनस्केपमधून वॉकथ्रू (मॉडेलमधून फिरवणं) दाखवायचा असेल आणि मॉडेलमधे सगळं कोरीवकाम टेक्श्चरसकट असेल तर तुमचंही तेच होणार. १२ जीबी ही खालची रेषा धरा. एडा पिढीत १२ जीबी ३५०० पासून सुरू होते, २००० आणि ३००० दोन्ही ८ च. २०२५ च्या ब्लॅकवेल पिढीत आरटीएक्स प्रो ३००० ला १२, प्रो ४००० ला १६ आणि प्रो ५००० ला २४ जीबी आहे.
व्हिडिओवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: कॅमेऱ्याचं एच२६५ ४:२:२ दहा बिट फुटेज एडा कार्डाला हार्डवेअरमधे उलगडता येत नाही, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सचं क्विकसिंक ते करतं, ब्लॅकवेल मात्र करतं. त्यामुळे एडावाल्या मशीनमधे आतलं ग्राफिक्स बंद करून फक्त मोठं कार्ड चालू ठेवू नका.

वेर्णा_डिझाईन
स्क्रीनचं कोणी बोललंच नाही. ओएलईडी बघायला सुंदर आहे, पण रेव्हिट आणि कॅडमधे तोच टूलबार दिवसभर त्याच जागी असतो, त्याचा डाग स्क्रीनवर कायमचा उमटू शकतो, आणि ब्राइटनेस कमी केला की काही पॅनल लुकलुकतात त्याने डोळे दुखतात. मी आयपीएसच घेईन. १६:१० ची स्क्रीन हवी, खाली ड्रॉइंगला जागा मिळते. साईटवर बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून काम करणार असाल तर मॅट आणि उजळपणा निदान ५०० निट.

कौलारू_घर
ओएलईडी नको हे पटलं. आणि मॅकबुक? आमच्यातली एक जण सारखी तेच म्हणते, बॅटरी आणि शांतपणा.

सत्तरी_सर्व्हे
मेटाशेप ॲपल सिलिकॉनवर थेट चालतं, रायनोही चालतं. पण रेव्हिटला मॅक आवृत्तीच नाही, ॲपल सिलिकॉनवर बूटकॅंप (मॅकवर थेट विंडोज चालवायची सोय) नाही, आणि पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारं अॅप) मधलं विंडोज आर्म चिपसाठीचं असतं, ऑटोडेस्क रेव्हिटला तिथे सपोर्ट देत नाही. रीकॅपही विंडोजवरच. तुमचं निम्मं काम विंडोजचं आहे, विषय संपला.

आयटीवाली_मडगाव
आता माझा आवडता विषय, वॉरंटी. आणि ह्यावर मी कितीही बोलले तरी थोडंच, कारण लोक चार लाखांचं मशीन घेतात आणि वीस हजारांच्या वॉरंटीवर काटकसर करतात. गोव्यात हा निर्णय प्रोसेसरपेक्षा मोठा आहे.
घ्यायची तर तीन वर्षांची ऑनसाईट (इंजिनीयर तुमच्याकडे येतो ती), जमलं तर अपघाती नुकसानासकट. कॅरी-इन (मशीन सर्व्हिस सेंटरला न्यायचं ती) घेतली तर मशीन आठवडाभर तरी तुमच्याकडे नसेल. ऑनसाईटमधे नेक्स्ट बिझनेस डे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नीट वाचा, फोनवर बिघाड ठरल्यानंतरचा दुसरा दिवस, तोही पार्ट उपलब्ध असेल तर. आमच्या एका क्लायंटला एका कंपनीच्या मशीनचा बोर्ड राज्याबाहेरून यायला इतका वेळ लागला की त्याने टेंडरचं काम दुसऱ्या मशीनवर परत केलं. म्हणून ऑर्डरच्या आधी कस्टमर केअरला तुमचा पिनकोड देऊन विचारा की ह्या मॉडेलला ह्या पिनकोडवर ऑनसाईट आहे का, आणि उत्तर मेलवर घ्या. पणजीला असते म्हणून फोंड्याला असेलच असं धरून चालू नका, आणि सत्तरी-काणकोणवाल्यांनी तर नक्कीच विचारा.
अजून एक, बिटलॉकर. हल्लीच्या विंडोजमधे डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. बोर्ड बदलला की टीपीएम (किल्ली सांभाळणारी चिप) नवीन येतो आणि मशीन रिकव्हरी की मागतं. ती ४८ आकडी की आधीच कागदावर काढून ऑफिसच्या कपाटात ठेवा. इंजिनीयर दारात आल्यावर शोधायची वेळ येऊ देऊ नका.

झुवारी_काठ
ताईंचं एकदम पटलं. मी आमच्या हवेचं लिहितो. वास्कोला खाऱ्या वाऱ्याचा त्रास आहे, तुम्हाला फोंड्याला तो कमी, पण जून ते सप्टेंबर दमट हवा सगळीकडेच. एसी गाडीतून गार झालेलं मशीन थेट साईटवर उघडलं तर दमट हवेतलं पाणी त्याच्या धातूवर बसतं. बॅग बंद ठेवूनच मशीनला बाहेरच्या तापमानावर येऊ द्या, मग चालू करा. पावसात बॅग ठेवायच्या कपाटात सिलिका जेल ठेवा, कॅमेरावाल्यांचं ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तमच. आणि पावसाळाभर बंद करून ठेवू नका, रोज थोडा वेळ तरी चालवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.
जुन्या घरांत जांभ्याची तांबडी धूळ आणि कौलांखालची माती असते, ती पंख्यात जाते. मशीन जमिनीवर ठेवून रेंडर लावू नका, स्टूल घ्या. वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्या आणि वॉरंटी संपल्यावर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलताना साधी न लावता पीटीएम७९५० सारखं फेज-चेंज पॅड लावा, ते साध्या पेस्टसारखं बाजूला सरकत नाही.

सत्तरी_सर्व्हे
विजेचं राहिलं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे त्यामुळे लाईट गेली तरी काम जात नाही, पण बॅटरीवर कार्डाचा वॉट एकदम खाली येतो, म्हणजे चालू प्रोसेसिंग रांगायला लागतं. साईटवर जुन्या घरांत अर्थिंग असेलच असं नाही. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर समजा सॉकेटला अर्थिंग नाही. सर्ज प्रोटेक्टरसुद्धा अर्थिंगशिवाय पुरतं काम करत नाही, म्हणून बॅगेत साधा सॉकेट टेस्टर ठेवा, स्वस्त असतो. गडगडाट सुरू झाला की अॅडॅप्टर भिंतीतून काढून बॅटरीवर या, बटण बंद करून भागत नाही.

कौलारू_घर
टेस्टर आजच घेतो. सेटिंगमधे अजून काय करावं? एसएसडी कशी विभागायची?

आयटीवाली_मडगाव
एसएसडी दोन वेगळ्या घ्या, एकाच मोठीचे भाग पाडू नका. एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, १ टीबी पुरे. दुसरी ४ टीबीची, त्यावर चालू प्रोजेक्ट आणि मेटाशेप-रीकॅपच्या तात्पुरत्या फाइली. जेन ४ (जोडणीची पिढी) च्या चांगल्या एसएसडीला साधारण ७००० एमबी सेकंदाला मिळतात, ते भरपूर झालं, जेन ५ लॅपटॉपमधे जास्त तापतात. डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी मेमरी) असलेली घ्या, स्वस्तातल्या बिनडीरॅमच्या एसएसडी लांब लिहायला लागलं की दमतात. आणि साईटवरून निघायच्या आधी त्या दिवसाचा डेटा बाहेरच्या एसएसडीवर कॉपी, ती एसएसडी दुसऱ्याच्या बॅगेत. तुमची घरं परत उघडत नाहीत म्हणता, तर हे सगळ्यात महत्त्वाचं.
विंडोजमधे झाकण बंद केल्यावर स्लीप न ठेवता हायबरनेट करा. आजकालचं मॉडर्न स्टँडबाय बॅगेत मधेच जागं होतं, मशीन तापतं आणि साईटवर पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते. ऑफिसात कायम चार्जरला असेल तर कंपनीच्या अॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. रेव्हिट, मेटाशेप, एनस्केप ह्यांना विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमधे मोठं कार्ड नेमून द्या, बाकीच्यांना आतलंच राहू दे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर काम मधे असताना बदलू नका.

पर्वरी_कट
विमानाने जाणार असाल तर बॅटरी १०० वॉट-अवरच्या खाली आहे ना बघा, त्याच्या वर एअरलाइनची परवानगी लागते. म्हणूनच मोठ्या मशीनच्या बॅटऱ्या ९४, ९९ अशा असतात.
आणि बिलावर जीएसटी नंबर घालून घ्या. १८ टक्के म्हणजे साठ हजारांच्या आसपासची रक्कम आहे, रजिस्ट्रेशन असेल तर क्रेडिट मिळतं. कॉम्प्युटरला घसारा ४० टक्के आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच, तेव्हा घ्यायचाच असेल तर सप्टेंबर संपायच्या आत घेऊन वापरात आणा. सीएंना विचारालच.

कौलारू_घर
सगळ्यांचं वाचून, आमच्यात बसून ठरवलं. डीलरच्या तिन्ही कोटेशनना नाही सांगितलं. १६ इंची जाड वर्कस्टेशन, एचएक्स प्रोसेसर पण आय-९ नाही, आय-७, तिथे वाचलेले पैसे कार्डाला. कार्ड आरटीएक्स ३५०० एडा १२ जीबी, आणि टीजीपी लिहून मागितलाय. आयपीएस मॅट स्क्रीन. कंपनीकडून १६ ची एकच पट्टी, ४८ च्या दोन आम्ही बाहेरून घेणार. एसएसडी ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन. तीन वर्षं ऑनसाईट अपघाती नुकसानासकट, पिनकोडचा मेल पाठवलाय, उत्तर आलं की ऑर्डर. मशीन आणि अॅडॅप्टर मिळून साडेतीन-चार किलो होईल, पण आमच्या गाडीत स्कॅनर आणि ट्रायपॉड असतातच, तिथे ह्याचं वजन कोणाला जाणवणार नाही.
एकच शंका, बाहेरची रॅम लावली तर वॉरंटी जाईल का? डीलर तसं म्हणतोय.

वेर्णा_डिझाईन
३५०० घेताय ते आवडलं, सर्टिफाइडही झालं आणि मेमरीही मिळाली.

आयटीवाली_मडगाव
ह्या वर्गातल्या मशीनमधे रॅम हा ग्राहकाने बदलायचा भाग धरलेला असतो, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे कशी बदलायची ते चित्रांसकट दिलेलं असतं, ते पान डीलरला दाखवा. रॅमने काही नुकसान केलं तर ते कव्हर होणार नाही, बाकी मशीनची वॉरंटी राहते. काही मॉडेलमधे दोन स्लॉट कीबोर्डखाली असतात, कंपनीची पट्टी त्यात असेल तर पहिल्या वेळी कोणाला तरी जाणकाराला बोलवा. लावल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, एकही एरर आली तर पट्ट्या लगेच परत द्या. आणि कंपनीची १६ ची पट्टी विकू नका, तक्रार केली की इंजिनीयर आधी तीच लावून बघायला सांगतो.